सुचत नाही म्हणताय? आधी कटकटींची वही काढा

"आपल्याला काय सुचत नाही बाबा, त्याला डोकं लागतंय." बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या भागात, चहाच्या गाड्यावर हे वाक्य कोण ना कोण रोज म्हणतंच. आणि गंमत बघा, म्हणणाऱ्यानं त्याच दिवशी सकाळी कूलंट, म्हणजे मशीन थंड ठेवायचं पाणी, अंगावर उडतंय म्हणून तेलाचा रिकामा डबा कापून मशीनला आडोसा केलेला असतोय. म्हणजे सुचतंय की! त्याला ते सुचणं वाटत नाही एवढंच, म्हणून तो डबा तिथंच गंजत राहतो आणि पलीकडच्या मशीनवरचा पोरगा भिजत राहतो.

हे लिहायलोय ते अशाच लोकांसाठी. मशीन शॉपमध्ये असा, वडगावात माग चालवत असा, घरातनं डबे देत असा, खडेबाजारात दुकान असू दे, येळ्ळूरकडं भात असू दे, नाहीतर ऑफिसात बसून दिवसभर एक्सेल कुटत असा. इनोव्हेशन म्हटलं की लोकांना बेंगळूरू, अ‍ॅप आणि फंडिंग आठवतंय, ते सगळं आज बाजूला ठेवूया. माझं म्हणणं एवढंच आहे की नवीन काही करायचं तर आधी अडचण जवळून बघायला शिकावं लागतंय, आणि ते एकदा जमलं की आयडिया काढायला फार झटावं लागत नाही, ती समोरच पडलेली दिसते. आता हे करायचं कसं ते एकेक करून सांगतो.

पायरी १ : वही

एक साधी वही घ्या. मोबाईलमधलं नोट्स पण चालतंय, पण ज्यांचे हात तेलकट-पिठाळ असतात त्यांनी वहीच घ्यावी. आठवडाभर तिच्यात फक्त कटकटी लिहायच्या. जे जे करताना 'च्यायला परत तेच' असं तोंडातनं निघतंय ते ते लिहायचं. उपाय लिहायचा नाही, ही एकच अट, आणि हीच पाळायला अवघड जातंय कारण आपल्या लोकांना अडचण ऐकली की लगेच सल्ला द्यायची सवय, स्वतःला सुद्धा.

आता लिहायचं कसं? 'गर्दी लई असते' असं लिहून काडीचा उपयोग नाही. 'शनिवारी संध्याकाळी दुकानापुढं गाडी लावायला जागा नसते, गिऱ्हाईक स्पीड कमी करतंय, आत बघतंय आणि पुढं जातंय' असं लिहा. म्हणजे कधी, कुठं, कोण आणि नेमकं काय होतंय ते सगळं त्यात आलं. पहिल्या वाक्यावर तुम्ही फक्त उसासा टाकू शकता, दुसऱ्यावर काहीतरी करता येतंय. मराठीत लिहा, कन्नडात लिहा, मिसळून लिहा, आमच्यात तसंही एका वाक्यात तीन भाषा येऊन जातात, वही काय कुणाला दाखवायची नाही.

काय लिहावं हेच कळेना झालं तर चिंधी शोधत फिरा. खरंच सांगतोय. हँडलला बांधलेली चिंधी, टेबलाच्या पायाखाली घातलेली पुठ्ठ्याची घडी, स्विचवर चिकटवलेली 'हे दाबू नका' अशी चिठ्ठी, फ्रिजच्या दाराला लावलेलं रबर, हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर चालवलेला वेगळाच हिशेब, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर 'फायनल नवीन २' नावाची फाईल. जिथं चिंधी दिसली तिथं समजायचं की कुणीतरी आधी त्रास सोसलाय आणि स्वतःपुरता मार्ग काढलाय. हँडलला चिंधी का? हँडल गरम होतंय म्हणून, का घामानं निसटतंय म्हणून, का धार हाताला लागतेय म्हणून? बांधणाऱ्याला विचारा. मोठमोठ्या कंपन्या गिऱ्हाईकाला काय पाहिजे हे शोधायला पैसे मोजतात, इथं ते फुकटात लटकलेलं असतंय आणि आपण रोज त्याच्या बाजूनं जातो.

आठवडा झाला की वहीत पंधरा-वीस ओळी तरी होतात. नाही झाल्या तर एक तर तुमचं आयुष्य फार सुखाचं आहे नाहीतर तुम्ही बघत नाही.

पायरी २ : एकच निवडा

रोज होणारी निवडा, आपल्या हातातली निवडा, आणि मोजता येईल अशी निवडा. 'बेळगावचं ट्रॅफिक' हे आपल्या हातात नाही, दुसऱ्या रेल्वे गेटवर थांबून थांबून कितीही आयडिया सुचल्या तरी. 'सकाळी गाडीची किल्ली, डबा आणि फाईल शोधण्यात जाणारा वेळ' हे हातात आहे. लहान वाटतंय? पहिल्यांदा लहानच पाहिजे. पोहायला शिकताना कोण थेट घटप्रभेत उडी मारत नाही.

पायरी ३ : उभं राहून बघा

ही पायरी मोठी आहे आणि हीच सगळे गाळतात.

टोयोटामध्ये ताईइची ओहनो म्हणून एक इंजिनिअर होते, ते म्हणे नवीन माणसाला शॉप फ्लोअरवर, म्हणजे जिथं मशीन चालतात तिथं, खडूनं वर्तुळ काढून त्यात उभं करायचे आणि सांगायचे, इथनं बघ. बास. तासन् तास. शिक्षा वाटते, पण करून बघा, पहिली दहा मिनिटं सगळं ठीकच चाललंय असं वाटतंय आणि त्यानंतर एकेक दिसायला लागतंय.

मशीन शॉपचंच उदाहरण घेतो कारण ते माझ्या डोळ्यापुढं रोज असतंय. लेथवर, म्हणजे लोखंड फिरवून कापायच्या मशीनवर, एक जॉब (करायचा पार्ट) संपला, दुसरा लावायचा आहे. मशीन बंद. ऑपरेटर चकचे जॉ, म्हणजे जॉब धरून ठेवणारे जबडे, बदलायला पाना शोधतो, पाना पलीकडच्या मशीनवर गेलेला असतो. तो आणतो. मग ड्रॉइंग आणायला ऑफिसात जातो. माप तपासायचं गेज स्टोअरमध्ये, स्टोअरवाला चहाला गेलेला. मग जॉ लागले, पहिला पीस निघाला, तो क्यूसीला, म्हणजे माल तपासणाऱ्याला, दाखवायचा, क्यूसीचा माणूस दुसऱ्या शेडमध्ये. तो ओके म्हणेपर्यंत मशीन थंड. तुम्ही घड्याळ लावून बघितलंत तर कळेल की प्रत्यक्ष नट फिरवण्यात गेलेला वेळ थोडाच, बाकी सगळं शोधणं, चालणं आणि वाट बघणं. आणि ऑपरेटरला विचारलं तर तो म्हणणार, "सेटिंगला वेळ लागतोच की ओ."

जपानमध्ये शिगेओ शिंगो नावाच्या माणसानं हेच बघितलं. १९५० मध्ये हिरोशिमाच्या टोयो कोग्यो कंपनीत, म्हणजे पुढची माझदा, मोठ्या प्रेसची डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलायचं काम चाललं होतं आणि एक कामगार तासभर एक बोल्ट शोधत पळत होता. शेवटी त्यानं दुसऱ्या मशीनचा लांब बोल्ट आणला, कापला, आटे पाडले आणि लावला. हे बघून शिंगोच्या डोक्यात साधी वाटणी आली. सेटिंगची काही कामं मशीन बंद असतानाच करावी लागतात, आणि काही कामं मशीन चालू असतानाच आधी उरकून ठेवता येतात. बोल्ट शोधणं हे दुसऱ्या प्रकारातलं. पुढं १९६९ मध्ये टोयोटात हजार टनी प्रेसची सेटिंग चार तासांची होती, ती आधी दीड तासावर आणि नंतर तीन मिनिटांवर आणली. त्यात नंतर बरीच हुशार इंजिनिअरिंग पण होती, पण सुरुवात ह्या वाटणीतनं झाली आणि ती वाटणी करायला कागद-पेन्सिल पुरते.

आता हेच घेऊन स्वयंपाकघरात या. डबे देणारी बाई पहाटे गॅस पेटवते, तेल तापतंय आणि मग कोथिंबीर निवडायला घेते, झाकण शोधते, डब्यांवरची नावं बघते. गॅस पेटला म्हणजे घड्याळ चालू झालं. गॅस पेटण्याआधी काय काय उरकून ठेवता येईल आणि पेटल्यावरच काय करावं लागतंय, दोन रकाने करा. एवढ्या एका कागदानं सकाळची धावपळ किती कमी होते ते करून बघितल्याशिवाय पटत नाही. ऑफिसात पण तेच, महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिपोर्ट करताना जी माहिती गोळा करत फिरतो त्यातली निम्मी पंधरा तारखेलाच मागून ठेवता आली असती.

बघून झालं की 'का' विचारा, आणि एकदा विचारून थांबू नका. टोयोटातच पाच वेळा 'का' विचारायची पद्धत आहे, पाचच पाहिजेत असं काय नाही. डबे उशिरा जातात. का? चपात्या शेवटी होतात. का? कणीक सकाळी मळतो. का? रात्री मळली तर काळी पडते. का? उघडी राहते म्हणून. आता इथं आल्यावर काहीतरी करता येतंय: तेलाचा हात लावून, घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये ठेवून एक दिवस थोड्या कणकेवर बघता येतंय. पहिल्या 'का'ला थांबला असता तर उत्तर आलं असतं, 'अजून एक बाई कामाला ठेवा.'

एक खूण लक्षात ठेवा. 'का'चं उत्तर 'लोकं आळशी आहेत', 'पोरांना अक्कल नाही' असं आलं तर तुम्ही लवकर थांबलाय. अजून एकदा विचारा.

पायरी ४ : आयडिया भरपूर काढा, पण आधी एकट्यानं

सगळ्यांना एका खोलीत बसवून 'सांगा काय सुचतंय' असं विचारायची पद्धत अमेरिकेतल्या जाहिरात कंपनीच्या अ‍ॅलेक्स ऑसबोर्ननं गाजवली. ऐकायला भारी वाटते. पण १९५८ मध्ये येल विद्यापीठात तपासून बघितलं तेव्हा चार जणांच्या गटापेक्षा चार जणांनी वेगवेगळं बसून काढलेल्या आयडिया एकत्र केल्या तर त्या जास्त निघाल्या. आमच्याकडं तर ह्याला अजून एक कारण आहे: मीटिंगमध्ये मालक पहिल्यांदा बोलतो आणि मग सगळे "हो साहेब, बरोबर आहे" म्हणतात. संपली मीटिंग.

म्हणून असं करा. प्रत्येकाला कागद द्या, दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, प्रत्येकानं चार-पाच उपाय लिहायचे, येडे वाटले तरी. मग वाचून दाखवायचे, आणि वाचताना सगळ्यात लहान पोरापासून सुरू करायचं, मालक शेवटी. घरी करायचं असेल तर पण तसंच, पोरांना आधी विचारा, बाबांना शेवटी.

कागदावर काय लिहावं ते सुचत नसेल तर स्वतःला थोडे उलटसुलट प्रश्न विचारा. हे काढूनच टाकलं तर? क्रम उलटा केला तर? दोन कामं एकत्र केली तर? हीच वस्तू दुसऱ्या कशाला वापरली तर? ह्या शेवटच्या प्रश्नाचं गाजलेलं उदाहरण म्हणजे त्या पिवळ्या चिकटचिठ्ठ्या. १९६८ मध्ये थ्री-एम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हरकडून असा गोंद तयार झाला जो धड चिकटतच नव्हता, लावला की सहज निघायचा. गोंद म्हणून फेल. सहा वर्षांनी त्याच कंपनीतल्या आर्ट फ्रायला चर्चमध्ये गाण्याच्या पुस्तकातल्या खुणेच्या चिठ्ठ्या पडतात याची कटकट झालेली, त्याला तो गोंद आठवला. बाजारात यायला १९८० उजाडलं. आता ह्यात बघण्यासारखं काय, तर फ्रायकडं कटकट होती आणि सिल्व्हर आपला फेल गोंद सगळ्यांना दाखवत फिरत होता. तो कपाटात ठेवला असता तर संपलं होतं.

आणि सगळ्यात सोपा प्रश्न: हीच अडचण दुसऱ्या धंद्यातल्या लोकांनी कशी सोडवलीय? ह्या बाबतीत आपण सीमाभागातली माणसं नशीबवान. भाजी गोव्याला जाते, चप्पल-गुळाचा संबंध कोल्हापूरशी, शिक्षण-नोकरी हुबळी-धारवाडला, पाहुणे सगळीकडं, आणि बोलायला मराठी, कन्नड, हिंदी सगळं येतं. पाहुण्यांकडं गेला की लग्नाच्या गप्पा झाल्यावर त्यांच्या दुकानात, गोठ्यात, कारखान्यात अर्धा तास चक्कर मारा की. दुसऱ्याच्या घरी नवीन दिसतंय ते त्यांच्यासाठी जुनं असतंय, उचलायला कोण पैसे मागत नाही.

एक उदाहरण देतो. फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, पॅटर्नला (साच्याच्या नमुन्याला) ठरलेल्या रंगांनी खुणा करायची पद्धत जुनी आहे, कुठला भाग मशिनिंग होणार, आतली पोकळी ठेवणारा कोअर कुठं बसणार हे रंगावरनं कळतं, वाचावं लागत नाही. आता आमच्या शेडमध्ये एकाला मराठी वाचता येतं, एकाला कन्नड, दोघं-तिघं बिहार-ओडिशाचे. माल टाकायच्या बिनवर लेबल कुठल्या भाषेत लावायचं ह्यावर वाद घालत बसायचं का? रंग लावा. लाल बिन रिजेक्ट, हिरवा ओके, पिवळा परत बघायचा. किराणा दुकानात, गोडाऊनमध्ये, भाजीच्या क्रेटवर, दवाखान्याच्या फायलींवर सगळीकडं चालतंय. फक्त लाल-हिरव्यातला फरक काही जणांना दिसत नाही, म्हणून रंगासोबत एक आकार पण काढा: गोल, चौकोन, फुली.

बरं, अडलंय आणि काहीच सुचेना झालंय तर उठा आणि चाला. ही अंधश्रद्धा नाही, २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या मेरिली ओपेझो आणि डॅनिअल श्वार्ट्झ यांनी तपासलं होतं, बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांना जास्त आयडिया सुचल्या, अगदी भिंतीकडं तोंड करून ट्रेडमिलवर चालवलं तरी. आपल्याला ट्रेडमिल नको, टिळकवाडीत व्हॅक्सीन डेपो आहे, एक राऊंड मारा, फक्त मोबाईल खिशात राहू दे. बाकी ते 'रोज नवीन रस्त्यानं ऑफिसला जा', 'डाव्या हातानं दात घासा' वगैरे सांगतात ते करायचं तर करा, माझा त्याच्यावर फार विश्वास नाही.

एआयला विचारलं तर चालेल का? चालेल की. चॅटजीपीटी एका मिनिटात वीस उपाय काढून देतं. पण त्यानं तुमचं मशीन बघितलेलं नाही. 'सेटिंग टाइम कसा कमी करू' विचारलं तर पुस्तकी उत्तर येणार, आणि तिसऱ्या पायरीत लिहिलेलं सगळं, म्हणजे पाना कुठं जातो, क्यूसी कुठल्या शेडमध्ये असतो, असं टाकलं तर जरा कामाचं येणार. म्हणून वही आधी.

पायरी ५ : स्वस्तात करून बघा

आता यादीतनं एक उपाय घ्या आणि तो खोटा-खोटा करा. म्हणजे पुठ्ठा, थर्माकोल, सुतळी, चिकटपट्टी. टूल ठेवायचा स्टँड वेल्डिंग करून घेण्याआधी पुठ्ठ्याचा करून आठ दिवस वापरा, दोन दिवसात कळेल की उंची चुकलीय आणि पाना उजव्या हाताला पाहिजे होता. वेल्डिंग केलेला स्टँड कोण तोडत नाही, पुठ्ठा लगेच कापता येतो. दुकानात नवीन मांडणी करायची तर एकच कप्पा बदला. शेतकऱ्यांना हे सांगायला लागत नाही, ते नवीन खत किंवा नवीन बेणं आधी दोन सऱ्यांत घालूनच बघतात आणि बाजूच्या सऱ्यांशी ताडून बघतात. हीच पद्धत ऑफिसात आणली तर लोकं तिला पायलट म्हणतात आणि प्रेझेंटेशन करतात.

दोन-तीन गोष्टी मात्र पाळा. सुरू करायच्या आधी आत्ताचा आकडा लिहून ठेवा, सेटिंगला किती मिनिटं, दिवसाला किती पीस रिजेक्ट, किती डबे उशिरा. नंतर लिहिलेला आकडा कधीच खरा नसतो, आपणच आपल्याला फसवतो. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर सुधारलं कशामुळं ते कळत नाही. आणि किती सुधारलं तर चालू ठेवायचं, किती नाही सुधारलं तर सोडून द्यायचं, हे पण आधीच ठरवा.

आणि हे जरा जोरात सांगतो. मशीनचा गार्ड काढून स्पीड वाढवणं, फ्यूजच्या जागी तार घालणं, कुकरच्या व्हॉल्व्हशी खेळणं, दोन कीटकनाशकं अंदाजानं मिसळणं, ह्याला प्रयोग म्हणत नाहीत. आमच्या भागात बोटं गेलेली माणसं कमी नाहीत. प्रयोग फसला तर वेळ आणि पुठ्ठा जावा, त्याच्यापुढं काही जाऊ नये.

पायरी ६ : माणसांना पटवणं

इथं बऱ्याच चांगल्या आयडिया मरतात.

बेळगावचीच गोष्ट घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, १८६९ चा जन्म. १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान घातलं, आज तिथं किर्लोस्कर रोड आहे. सायकली नुसत्या विकत नव्हते, लोकांना चालवायला पण शिकवत होते, नाहीतर घेणार कोण? पुढं चारा कापायची यंत्रं केली, मग लोखंडी नांगर केला. नांगर चांगला होता. पण शेतकऱ्यांची समजूत होती की लोखंडानं जमिनीत विष उतरतंय, त्यामुळं पहिला नांगर विकायलाच दोन वर्षं गेली. दोन वर्षं! नंतर १९१० मध्ये कारखाना औंध संस्थानात कुंडलजवळ गेला आणि त्या जागेची किर्लोस्करवाडी झाली. शेतकरी अडाणी होता म्हणून हसून चालणार नाही, त्याच्या दृष्टीनं बघा: जमीन एकच, बिघडली तर खायचं काय. ज्याचं जास्त जाणार तो जास्त घाबरणार, त्याला भाषण देऊन उपयोग नसतो, दुसऱ्याच्या शेतात चाललेलं दाखवावं लागतंय.

शॉपमधल्या जुन्या मिस्त्रीचं पण तसंच असतंय. वीस वर्षं हात बसलेला माणूस, आणि काल आलेला डिप्लोमावाला सांगतोय की मामा तुमचं चुकतंय. कसं ऐकेल? त्यापेक्षा असं बोला:

"मामा, पाना लटकवायला इथं बोर्ड केलाय, आठ दिवस बघूया की. नाही जमलं तर मीच काढून टाकतो."

"बघ बाबा. पण माझ्या पान्याला हात लावू नकोस."

"नाही लावत. तुमचा कुठं टांगू ते तुम्हीच सांगा."

"हितं. जरा खाली. हां."

झालं, बोर्ड आता मामांचा. चौथ्या दिवशी दुसऱ्या कुणी पाना भलतीकडं ठेवला तर ओरडणारे मामाच असतात. काढून टाकता येईल असं आधीच सांगितलं, मुदत सांगितली आणि त्यांना एक तरी गोष्ट ठरवू दिली, बाकी काय केलं नाही. घरात पण हेच लागू आहे, सासूबाईंच्या मसाल्याच्या डब्याची जागा त्यांना न विचारता बदलायची नाही, मग ती जागा कितीही शास्त्रीय असू दे.

मालकाकडं जाताना मात्र गोष्ट सांगू नका, आकडा घेऊन जा. "साहेब, ह्या मशीनची सेटिंग आधी इतकी मिनिटं होती, आता इतकी, खर्च पुठ्ठ्याचा" असं म्हटलं की खुर्ची पुढं सरकते. आणि ज्याची चिंधी बघून तुम्हाला सुचलं त्याचं नाव घ्या. नाही घेतलं तर पुढच्या वेळी तो चिंधी लपवून ठेवेल.

पायरी ७ : जुगाडावर थांबू नका

आपल्याला जुगाडाचा लई अभिमान. मला पण आवडतो, पण जुगाड म्हणजे कच्चा खर्डा आहे. तो एकाच माणसाला जमतो, तो माणूस सुट्टीवर गेला की बंद. पुठ्ठ्याचा स्टँड चालला तर आता तो लोखंडाचा करा, माप लिहून ठेवा, फोटो काढा, दुसऱ्या मशीनवर दुसऱ्या माणसाला तुमच्याशिवाय लावता येतोय का बघा. आला तर ती पद्धत झाली. तेलाच्या डब्याचा तो आडोसा, वर पहिल्यांदा सांगितलेला, नीट पत्र्याचा बिजागरीवर केला तर सगळ्या मशीनना लागेल आणि साफ करताना उघडता पण येईल.

थोडी माणसं ह्याच्यापुढं जातात. गुजरातमध्ये वांकानेरचे मनसुखभाई प्रजापती कुंभार. २००१ च्या भूकंपात माठ फुटले, पेपरात 'गरिबाचा फ्रिज फुटला' असं छापून आलं आणि त्यावरनं त्यांनी मातीचा, बिनविजेचा फ्रिज करायला घेतला. मातीतनं पाणी झिरपून उडतंय आणि आतला भाग थंड राहतोय, माठाचंच तत्त्व. भाजी-दूध ठेवता येतं. खानापूरला चांगली माती आहे, खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्था आहे, आपल्याकडं असं काही का होऊ नये असं मला नेहमी वाटतंय.

तुमची वस्तू खरंच नवीन आहे असं वाटत असेल तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर व्हिडिओ टाकायच्या आधी थांबा. पेटंट मागायचं असेल तर वस्तू आधी जगजाहीर झालेली चालत नाही. पहिल्यांदा भारत सरकारच्या पेटंट ऑफिसच्या वेबसाईटवर फुकट शोध घेता येतो, तो घ्या, बऱ्याचदा आपली आयडिया दुसऱ्या कुणी आधीच केलेली सापडते, आणि वाईट वाटून घेऊ नका, त्यातनं पुढची सुचते. नसेल सापडली तर प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज करता येतो, एका व्यक्तीसाठी ऑनलाइन फी १६०० रुपये आहे, नंतर तपासणीची फी वेगळी लागते. प्रोव्हिजनल केल्यापासून १२ महिन्यांच्या आत पूर्ण अर्ज द्यावा लागतो, नाहीतर तो अर्ज गेला. मिळालं तर पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. शेती करायची पद्धत, धंदा करायची पद्धत ह्यांना आपल्या कायद्यात पेटंट नाही, पण शेतीचं अवजार चालतं. आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या गोष्टीवर एकट्याला पेटंट मिळत नाही, तिथं जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचं भौगोलिक मानांकन, असतो आणि तो सगळ्या कारागिरांचा असतो, कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळाला त्यात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांसोबत आपल्या कर्नाटकातले चार जिल्हे आहेत, बेळगाव त्यातलाच एक.

मदत लागली तर अहमदाबाद-गांधीनगरकडची नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन आहे, २००० पासूनची, फारसं शिक्षण नसलेल्या लोकांच्या शोधांसाठीच काम करते, शाळेतल्या पोरांच्या आयडिया पण घेते. पार्ट बनवून बघायचा तर उद्यमबागेत ओळखीनं कुणीतरी करून देतोच. पेटंटचा अर्ज मात्र हिंदी नाहीतर इंग्रजीतच भरावा लागतो, म्हणून इंग्रजीचा धसका असेल तर ड्रॉइंग नीट काढा, प्रत्येक भागाला नंबर द्या आणि कुठला भाग काय करतो ते मराठीतच सविस्तर लिहून ठेवा, मग भाषांतर करणारा कुणीही सापडतो. ते ड्रॉइंग तुमच्याशिवाय दुसरं कोण काढू शकत नाही.